गेमिंग कॉम्प्युटरची यादी: हौशी मंडळींचे काय ऐकावे, काय सोडून द्यावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत एक यादी फिरू लागते. वहीच्या पानावर किंवा मोबाईलच्या पडद्यावर ती लिहिलेली असते: प्रोसेसर अमुक, ग्राफिक्स कार्ड तमुक, रॅम ३२ जीबी, काचेच्या बाजूचा आणि रंगीत दिव्यांचा कॅबिनेट. खाली बेरीज असते, लाखाच्या आसपास किंवा त्याच्याही वर. मुलाचे म्हणणे असते, "अब्बू, याच्यापेक्षा कमी घेण्यात अर्थ नाही. सगळे हेच सांगतात." अब्बूंचे उत्तरही ठरलेले असते, "गेम खेळायला एवढे पैसे? दुकानदाराला विचारू आणि तो देईल ते घेऊ."

वाचकहो, या दोन्ही वाटांनी पैसा वाया जाऊ शकतो. यादी जशीच्या तशी घेतली, तर त्यातले निम्मे सामर्थ्य कधी वापरलेच जात नाही. दुकानदारावर सोडले, तर त्याच्याकडे पडून असलेला माल आपल्या घरी येण्याची शक्यता असते. मधली वाट काढायची, तर आधी मुलाचे हे "सगळे" कोण आहेत आणि ते कशाच्या आधारावर बोलतात, ते समजून घ्यावे लागेल.

ही हौशी मंडळी कोण?

कॉम्प्युटरचे सुटे भाग विकत घेऊन, जोडून, मोजून त्यावर मत देणाऱ्या लोकांची एक जुनी परंपरा आहे. १९९६ मध्ये टॉमस पाब्स्ट या डॉक्टरांनी 'टॉम्स हार्डवेअर' सुरू केले. १९९७ मध्ये अमेरिकेत आनंद लाल शिंपी या अवघ्या १४ वर्षांच्या मुलाने 'आनंदटेक' सुरू केले. कंपनीच्या माहितीपत्रकावर विश्वास न ठेवता वस्तू स्वतः तपासायची, हा या लोकांचा बाणा होता. 'आनंदटेक' ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले, पण त्याने घालून दिलेली पद्धत टिकली. आज 'गेमर्स नेक्सस', 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' अशी नावे मुलांच्या तोंडी असतात, ती याच परंपरेतली.

या लोकांनी ग्राहकाचे खरोखर भले केले आहे, हे मोठ्यांनी आधी मान्य करावे. एनव्हिडिया कंपनीने २०१४ मध्ये 'जीटीएक्स ९७०' हे कार्ड ४ जीबी मेमरीचे म्हणून विकले. जानेवारी २०१५ मध्ये वापरणाऱ्यांच्याच लक्षात आले, की त्यातली साडेतीन जीबी मेमरीच पूर्ण वेगाने चालते आणि उरलेली अर्धा जीबी फार संथ आहे. कार्डाची काही तांत्रिक माहिती सुरुवातीला चुकीची दिली गेली होती, हे कंपनीला मान्य करावे लागले. पुढे अमेरिकेत झालेल्या तडजोडीत ग्राहकांना प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याचे ठरले.

दुसरे उदाहरण ताजे आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही मोठ्या प्रोसेसरवर गेम अचानक बंद पडू लागले. गेम बनवणाऱ्या कंपन्या आणि हौशी परीक्षक यांनी आकडे गोळा करून आवाज उठवला. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते, हे इंटेलने २०२४ मध्ये कबूल केले आणि त्या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्याच्या घरात असा प्रोसेसर होता, त्याला त्या मंडळींच्या चिकाटीचा थेट फायदा झाला.

त्यांच्याकडून पहिली शिकायची गोष्ट: सरासरीला भुलू नका

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रे. एका सेकंदात किती चित्रे दिसतात, त्याला 'एफपीएस' म्हणतात. सेकंदाला ६० चित्रे असतील, तर प्रत्येक चित्र साधारण १७ मिलिसेकंद पडद्यावर राहते आणि हालचाल सहज वाटते. पूर्वी परीक्षक फक्त सरासरी सांगत. २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी दाखवले, की सरासरी ६० असूनही मध्येच एखादे चित्र खूप उशिरा आले, तर गेम अडखळतो आणि सरासरीत ते दिसतच नाही. तेव्हापासून चांगले परीक्षक सरासरीबरोबर 'वन पर्सेंट लो' हा आकडा देतात. सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेग काय होता, ते तो सांगतो.

मुलाने एखादे मत दाखवले, तर त्यात हा आकडा आहे का ते पाहा. नुसते "भन्नाट आहे", "डोळे झाकून घ्या" असे असेल, तर ते मत बाजूला ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट: कंपनीचा दावा आणि मोजमाप वेगळे

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी मंचावरून सांगितले, की ५४९ डॉलरचे नवे 'आरटीएक्स ५०७०' कार्ड आधीच्या पिढीच्या 'आरटीएक्स ४०९०'ची बरोबरी करेल. ४०९०ची मूळ किंमत १,५९९ डॉलर होती. ऐकून कोणीही हुरळून जाईल. पण ही बरोबरी 'फ्रेम जनरेशन' या सोयीच्या जोरावर होती. यात कार्ड खरे एक चित्र तयार करते आणि त्याला जोडून तीनपर्यंत चित्रे अंदाजाने भरते. पडद्यावरचा आकडा चौपटीच्या जवळ जातो, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ चित्रांच्या वेगाचाच राहतो, कधी थोडा मंदही होतो. स्वतंत्र परीक्षकांनी ही सोय बंद करून मोजले, तेव्हा ५०७० हे ४०९०च्या बरेच मागे पडले.

कंपन्यांना अशी मते नेहमीच आवडतात असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने 'हार्डवेअर अनबॉक्स्ड'ला कळवले, की त्यांच्या परीक्षणाचा रोख आम्हाला पटत नाही, म्हणून यापुढे तपासणीसाठी आमची कार्डे मिळणार नाहीत. टीकेची झोड उठल्यावर दोन-तीन दिवसांत हा निर्णय मागे घेतला गेला. मे २०२५ मध्ये 'आरटीएक्स ५०६०' बाजारात आले, तेव्हा बहुतेक स्वतंत्र परीक्षकांना ते चालवण्यासाठी लागणारा ड्रायव्हर आधी मिळालाच नव्हता. म्हणून नवी वस्तू पहिल्या दिवशी घेऊ नये. दोन-तीन आठवडे थांबले, तर खरे आकडे समोर येतात आणि आपले काही बिघडत नाही.

जिथे त्यांचे मत आपल्या घराला लागू पडत नाही

आता दुसरी बाजू. परीक्षक कार्ड तपासतात तेव्हा त्याला सर्वांत वेगवान प्रोसेसर जोडतात, म्हणजे इतर कशामुळे कार्ड अडत नाही. तपासणीसाठी ते योग्यच आहे. पण आपल्या घरचा प्रोसेसर साधा असेल, तर ते आकडे आपल्याला मिळणार नाहीत.

पडद्याचेही तसेच. महागडी कार्डे '४के' पडद्यासाठी असतात. जगभरातल्या गेम खेळणाऱ्यांच्या कॉम्प्युटरची माहिती 'स्टीम' दर महिन्याला प्रसिद्ध करते. त्यात अर्ध्याहून जास्त लोकांचा पडदा आजही साधा '१०८०पी'चाच दिसतो आणि सर्वाधिक वापरात असलेली कार्डे मधल्या किमतीची असतात. चर्चा १,९९९ डॉलरच्या ५०९०ची होते, पण खेळणारे जग ५०६०, ४०६० आणि ३०६० यांवर चालते. घरात ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर असेल, तर तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवणार, मग कार्ड २०० तयार करो. अर्ध्या इंचाच्या नळाला मोठी टाकी जोडली म्हणून धार मोठी होत नाही.

तिसरा फरक हवेचा. परदेशातल्या चाचण्या बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. कार्ड खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापत असेल, तर तिथे ते ६७ अंशांवर राहते. मे महिन्यात मालेगाव किंवा अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८५ अंशांवर जाईल, पंखा ओरडू लागेल आणि वेग कमी होऊ शकेल. म्हणून आपल्याकडे पुढून जाळी असलेला, हवा खेळती ठेवणारा कॅबिनेट काचेच्या शोभेच्या कॅबिनेटपेक्षा कामाचा. कॉम्प्युटर कपाटात कोंबू नये आणि पावसाळ्याआधी त्यातली धूळ काढावी.

यादी घेऊन एकत्र बसा

मुलगा असो की मुलगी, यादी नाकारण्याआधी त्याला किंवा तिला समोर बसवून तीन प्रश्न विचारावेत. कोणते गेम खेळणार? पडदा कोणता आहे किंवा घेणार? आणि खेळाशिवाय काय करणार? अभ्यास, कोडिंग, व्हिडिओ जोडणी की ॲनिमेशन?

उत्तर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, माइनक्राफ्ट असे असेल, तर मोठ्या कार्डाची गरज नाही. हे खेळ साध्या यंत्रावरही नीट चालतात. उत्तर नवे, मोठे, चित्रपटासारखे दिसणारे खेळ असे असेल, तर कार्डावर खर्च करावा लागेल आणि तिथे मेमरी पाहावी लागेल. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी सामाईक मेमरी आहे आणि अनेक नवे गेम तो हिशेब धरून बनतात. त्यामुळे ८ जीबीचे कार्ड आज चालले, तरी जास्त तपशिलाच्या सेटिंगवर काही खेळ अडखळतात. 'आरटीएक्स ५०६० टीआय' हे एकाच नावाचे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. आले तेव्हा त्यांच्या मूळ किमतीत ५० डॉलरचाच फरक होता. बिलावर कोणता प्रकार लिहिला आहे, ते पाहूनच पैसे द्यावेत.

बाकी भागांबद्दल हौशी मंडळींचे एकमत असलेल्या काही गोष्टी अशा:

• एसएसडी हवाच. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवला, की अभ्यासाचा जुना कॉम्प्युटरही चटकन सुरू होतो. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक इथेच दिसतो.

• रॅमच्या दोन पट्ट्या घ्या. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन लावल्या, तर वेग वाढतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा हा फरक मोठा असतो.

• एसएमपीएसमध्ये काटकसर नको. यंत्राला वीज पुरवणारा हा डबा यादीत शेवटी असतो आणि भाव कमी करायचा झाला, की पहिली कात्री त्यालाच लागते. तो बिघडला तर इतर भागही घेऊन जाऊ शकतो. '८० प्लस'चे चिन्ह फक्त वीज किती वाया जाते ते सांगते, संपूर्ण दर्जाची हमी देत नाही. म्हणून त्या नेमक्या मॉडेलचे परीक्षण वाचावे.

• दिवे शेवटी. रंगीत एलईडी, काच, छोटा डिस्प्ले यांनी खेळाचा वेग वाढत नाही.

लॅपटॉपच्या नावातला फसवा सारखेपणा

कॉलेज परगावी असेल, तर लॅपटॉपच लागतो. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेस्कटॉपचे 'आरटीएक्स ५०७०' १२ जीबीचे आहे, तर त्याच नावाचे लॅपटॉपमधले ८ जीबीचे आले. नाव एक, पण आतली चिप वेगळी. शिवाय कार्डाला किती वॅट मिळतात, यावर वेग ठरतो. 'आरटीएक्स ४०६०' असलेल्या लॅपटॉपांमध्ये ही मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत असू शकते. म्हणजे एकाच नावाचे कार्ड असलेले दोन लॅपटॉप वेगात खूप मागे-पुढे असू शकतात. दुकानात "या मॉडेलचा टीजीपी किती?" असे विचारावे. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर कंपनीच्या माहितीपत्रकातून पाहून मगच पुढे जावे.

लॅपटॉपमधले कार्ड सहसा बदलता येत नाही. डेस्कटॉपमध्ये आज साधे घेऊन दोन वर्षांनी बदलता येते. घरीच राहून शिकणाऱ्या मुलासाठी म्हणून डेस्कटॉप परवडतो. तो बैठकीच्या खोलीत ठेवला, तर खेळण्याच्या वेळेवर सगळ्यांचे लक्षही राहते.

वीजबिल आणि यूपीएस

हा हिशेब यादीत नसतो, पण घरखर्च सांभाळणाऱ्या अम्मीला तो लागतो. मधल्या दर्जाचा गेमिंग कॉम्प्युटर मॉनिटरसह खेळताना ३०० वॅट घेतो असे धरले आणि रोज तीन तास खेळ झाला, तर महिन्याला २७ युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर वरचा टप्पा लागतो, त्यामुळे काठावर असलेल्या घराला हा फरक जाणवेल. ५०९० कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत घेऊ शकते, तर ५०६०ची मर्यादा १४५ वॅट आहे.

बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच भार पेलतो. मोठे यंत्र घेतले, तर लाइट गेल्याबरोबर तो बीप करून बंद पडेल. यूपीएस घेताना व्हीए पाहू नका, वॅट पाहा.

हप्त्यांचा मोह

यादी परवडत नाही म्हटले, की "नो कॉस्ट ईएमआय आहे ना" हे उत्तर तयार असते. यात काय होते ते पाहा. बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो, म्हणून ग्राहकाला व्याज नाही असे वाटते. कार्डाच्या स्टेटमेंटवर मात्र व्याजाची ओळ असते, त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो आणि अनेकदा प्रक्रिया शुल्कही लागते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, अशी भूमिका घेऊन रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना अशा योजनांवरून बजावले होते. ज्या घरांत व्याजाचा व्यवहार टाळला जातो, त्यांनी नावावर न जाता ही ओळ पाहावी आणि दुकानदाराला "रोखीने घेतले तर तीच सूट किंमतीत देता का?" असे सरळ विचारावे.

हप्त्याला एक चांगला पर्यायही आहे आणि तो हौशी मंडळीच सांगतात: कॉम्प्युटर टप्प्याटप्प्याने जोडा. एएमडीच्या 'रायझन ५ ५६००जी' किंवा 'रायझन ५ ८६००जी' अशा प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच असते. असा प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी आणि चांगला एसएमपीएस एवढ्यावर अभ्यास सुरू होतो आणि व्हॅलोरंटसारखे खेळही चालतात. मग सहा महिने किंवा वर्षभर दरमहा पैसे बाजूला टाकायचे आणि कार्ड रोखीने घ्यायचे. मुलाने त्यात ईदीचे किंवा सुट्टीतल्या कामाचे पैसे घातले, तर आपल्याला खरोखर काय हवे आहे, याचा तो स्वतःच जास्त विचार करील. फक्त एक काळजी घ्यावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते, त्यात ग्राफिक्स नसते. तो घेतला, तर कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही.

दुकान, जुना माल आणि विकाऊ मत

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस इथे भाव करता येतो. पण "बिल नको असेल तर कमी करतो" ही सूट घेऊ नये. हमीसाठी बिलच उपयोगी पडते. बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा. जुने कार्ड घ्यायचे असेल, तर ते कॉम्प्युटरमध्ये लावून अर्धा तास मोठा गेम चालवून पाहावे. २०२०-२२च्या काळात आभासी चलन काढण्यासाठी रात्रंदिवस चाललेली बरीच कार्डे पुढे जुन्या बाजारात आली. त्यांचे पंखे आणि आतली पेस्ट झिजलेली असू शकते.

मत देणारा पैसे घेऊन बोलतो का, हेही पाहावे. भारतात २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचे आणि २०२३ पासून केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाचे निर्देश आहेत, की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगितली पाहिजे. शेवटी खरेदीची लिंक, मध्ये सवलतीचा कोड आणि एकही दोष नाही, असे मत दिसले, की ती जाहिरात समजावी. खरेदीनंतर फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. "थांबा, स्वस्त होईल" हा जुना सल्ला नेहमी खरा ठरत नाही. एआयच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने वर गेले आणि थांबलेल्यांना जास्त मोजावे लागले. म्हणून गरज आधी ठरवावी, तेवढ्याच वस्तूंचे भाव दोन-तीन आठवडे लिहून ठेवावेत आणि बजेटमध्ये बसताच घ्यावे. हे काम मुलाकडेच द्या. जो मुलगा वन पर्सेंट लो, वॅट आणि बिलाचा हिशेब अब्बूंना समजावून सांगू शकतो, त्याच्या यादीतली बेरीज बहुधा आपोआप खाली आलेली असते. आणि ती खाली आली, की अब्बूंनीही "गेमच खेळायचा ना?" असे म्हणून ती टाळू नये.